झिपलाइन, गुहा आणि माझी सासुरवाडी

आवाज थोडा बसलेला आहे, सांभाळून घ्या. आज रेकॉर्डिंग कुडव्याच्या घरातूनच आहे, त्यामुळे मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर ती आईची.

आजचा विषय खरं तर न्यूझीलंड असणार होता. लग्नानंतर मी आणि बायकोनं ठरवलं होतं की पैसे साठवायचे, ऑकलंडला उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची आणि वायटोमो, रोटोरुआ, टोंगारिरो असं उत्तर बेट फिरायचं. इंजिनिअर माणूस असल्यामुळे मी शीट बनवली. प्रत्येक दिवसाला दोन रकाने होते, एक 'ॲडव्हेंचर' आणि दुसरा 'माओरी कल्चर'. कायटुना नदीवर राफ्टिंग आहे, तिथे सात मीटरच्या धबधब्यावरून राफ्ट खाली जाते. त्याआधी गाईड माओरीत प्रार्थना म्हणतात. असे व्हिडिओ मी रात्र रात्र बघायचो. होंगी म्हणजे नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून एकमेकांचा श्वास घेण्याचं अभिवादन. ते आम्ही किचनमध्ये प्रॅक्टिस करायचो आणि हसायचो.

मग माझा प्रोजेक्ट बंद झाला. चार महिने घरी होतो. शीट तशीच राहिली.

नोव्हेंबरमध्ये नवीन नोकरी लागली, घरूनच काम. मी बायकोला म्हटलं, न्यूझीलंड राहू दे, निदान हाजरा फॉलला तरी जाऊ, झिपलाइन करू. ती म्हणाली, "चल. पण मग कचारगडला पण जायचं. आणि रात्री माझ्या घरी राहायचं."

इथे थोडं सांगायला पाहिजे. माझी बायको गोंड आहे. तिचं माहेर सालेकसा तालुक्यातलं. आम्ही कॉलेजात भेटलो, दोघंही बीटेक. लग्नाला दोन वर्षं झाली. घरी विरोध वगैरे काही झाला नाही, हे मी मित्रांना फार अभिमानानं सांगायचो. पण शेजारच्या काकूंनी विचारलं की आई म्हणते, "सून सालेकसाकडची आहे." आणि लगेच चहा टाकायला उठते. दोन वर्षांत मी सासरी तीन वेळा गेलो असेन, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. "रस्ता खराब, जंगल, नक्षल एरिया," असं घरचे म्हणायचे आणि मीही मान हलवायचो.

तर निघालो. कुडवा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा. जुनी वॅगनआर, दोन हेल्मेट उगाचच घेतलेली. हाजरा फॉल दरेकसा स्टेशनजवळच आहे. मुंबई-हावडा लाइन इथूनच बोगद्यातून छत्तीसगडकडे जाते. धबधब्याला पावसाळ्याइतकं पाणी नव्हतं, पण होतं. झिपलाइनबद्दल फार सांगत नाही. पाय थरथरले, बायको माझ्याआधी गेली, मी डोळे मिटून गेलो. तिनं व्हिडिओ काढलाय, तो मी देणार नाही.

हार्नेस बांधणारा पोरगा आसपासच्याच गावचा होता. त्यानं बायकोला "जय सेवा" म्हटलं, तिनंही म्हटलं. मला तो म्हणाला, "नमस्कार सर." त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पण मला एकदम किचनमधलं होंगी आठवलं. नाकाला नाक लावायला शिकलो आणि सासऱ्यांना दोन वर्षं 'नमस्ते बाबा' म्हणत आलो.

रात्री सासरी जेवण झालं. भात, लाखोळीची डाळ, मासोळ्या. आजेसासूबाई बायकोशी गोंडीत बोलत होत्या. मला एकच शब्द कळला, 'येर', म्हणजे पाणी, कारण त्या तांब्याकडे हात करत होत्या. मी विचारलं, गोंडी लिहितात कशात? बायको म्हणाली, "तू इंजिनिअर ना? शोध."

शोधलं. आणि मंडळी, मला लाज वाटली. १९१८ साली मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. ते कुठले? बालाघाटचे. म्हणजे आमच्या गोंदियाच्या शेजारचा जिल्हा! ही मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. पुढच्या वर्षी दुसरी, तेलंगणातल्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांतली, गुंजाला गोंडी. मी रोज युनिकोडच्या स्ट्रिंग्स हाताळतो, इमोजी बिघडला की तिकीट माझ्याकडे येतं. आणि हे मला माहीत नव्हतं. माझ्या फोनवर तर त्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. फॉन्ट उतरवून लॅपटॉपवर टाकल्यावर दिसली. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळपास तीस लाख होते. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. माओरी १९८७ पासून न्यूझीलंडची अधिकृत भाषा आहे, हे मात्र माझ्या शीटमध्ये बरोबर लिहिलेलं होतं.

सकाळी कचारगड. सासरे सोबत आले. धनेगावपर्यंत गाडी, पुढे जंगलातून चढ. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून लोक येतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र शांतता होती.

चढताना सासऱ्यांनी गोष्ट सांगितली. वेगवेगळ्या ठिकाणी ती थोडी वेगळी सांगतात, ही त्यांच्या घरची. कली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली होती. तोंडावर मोठी शिळा. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला आले, पण शिळा हलेना. मग हिरासुका पाटालीर नावाच्या वादकानं किंगरी वाजवली. ते सूर ऐकून आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा गडगडत खाली आली. पोरं सुटली. हिरासुका तिच्याखाली गेला. त्या पोरांनाच पुढे लिंगोनं शिकवलं, गोत्रं लावून दिली, पेन म्हणजे देव दिले.

सासरे इथे थांबले. म्हणाले, "जवाईबापू, वाजवणारा मेला, हे पोट्ट्यांना नाही सांगितलं तरी चालते असं लोकं म्हणतात. आम्ही सांगतो."

गुहा प्रचंड आहे. आत गेलं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. आणि मी काय केलं? बॅगेतून ड्रोन काढला. मित्राकडून मागून आणला होता. डोक्यात एकच, गुहेतून बाहेर येणारा शॉट. पंखे उघडले, कंट्रोलर जोडला. सासरे काहीच बोलले नाहीत. ते बाजूला जाऊन चप्पल काढून उभे राहिले.

बायको जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "वायटोमोच्या त्या गुहेचं मला कोणी सांगितलं होतं?"

मीच सांगितलं होतं, दहा वेळा. तिथली रुआकुरी गुहा. तिच्या जुन्या तोंडापाशी माओरींची दफनाची जागा होती. गुहा पर्यटकांसाठी बरीच वर्षं बंद होती. २००५ मध्ये उघडली ती नवं प्रवेशद्वार करून, गोल गोल उतरत जाणारा रस्ता खोदून. लोक आजही तिथे अंधारात ट्यूबवर बसून राफ्टिंग करतात, फक्त त्या जागेवरून जात नाहीत. केवढा आदर, असं म्हणून मी भारावून जायचो. टोंगारिरोच्या शिखरांवर चढू नका अशी विनंती आहे, तर आपण चढायचं नाही, हेही मी शीटमध्ये लाल रंगात लिहिलं होतं. इथे कोणी बोर्ड लावला नव्हता, तर मी विचारलंही नाही. आणि विचारायला माणूस दहा पावलांवर उभा होता.

ड्रोन बॅगेत ठेवला. बूट काढले. सासऱ्यांजवळ जाऊन "जय सेवा बाबा" म्हटलं. उच्चारात काही अवघड नाही, तरी जीभ अडखळली. ते म्हणाले, "जय सेवा." मग म्हणाले, "फोटो काढा ना, फोटोला कोणाची मनाई आहे? ते गुणगुण करणारं नको होतं, बस."

म्हणजे त्यांना फोटोचं काहीच नव्हतं! मी एवढा ओशाळलो होतो की उलट मीच फोटो काढले नाहीत. बायकोनं काढले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसा झाला धबधबा?" मी धबधब्याचं दोन वाक्यांत सांगितलं आणि गुहेचं पाऊण तास. तेहतीस पोरांपाशी आली तेव्हा तिनं पोळ्या लाटणं थांबवलं. "त्या वाजवणाऱ्याचं मग काय केलं त्यांनी?" असं तिनं मला नाही, माझ्या बायकोला विचारलं. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी भांडी घासली.

माघ पौर्णिमेला आम्ही परत जातोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी लक्षात ठेवा, गर्दी मोठी असते, गाडी लांब ठेवावी लागते, पाणी सोबत घ्या. आईलाही चल म्हटलंय. ती म्हणते, गुडघे दुखतात. चढ आहे, हे खरंच आहे. सासरे म्हणाले, धनेगावात खाली बसली तरी यात्रा दिसते. अजून तिचं हो नाही. बघू.

हां, ही ऐकलीत ना? कुकरची शिट्टी.