दम छातीत की हातात?

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरलात आणि एखादी वल्ह्यांची होडी दिसली, तर क्षणभर थांबून पाहा. कोळी वल्हे घाईने मारत नाही. एक लांब ओढ घेतो, होडी सरकू देतो, की लगेच दुसरी.

पोहण्याच्या तलावात नेमके उलटे दिसते. रोज पाच किलोमीटर धावणारा तरुण फ्रंट क्रॉलच्या दोन फेऱ्यांतच काठाला धापा टाकतो. "माझा दमच कमी," म्हणतो. दम कमी नसतो हो, वाया जात असतो!

पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट. श्वासासाठी डोके उचलले की कंबर आणि पाय खाली जातात, तिरके शरीर जास्त पाणी ढकलते. मग पाय वर ठेवायला आपण जोरात लाथा मारतो. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू भराभर संपवतात, आणि पुढे नेण्याचे काम तर मुख्यतः हातांचे! म्हणून लांब पल्ल्याचे बरेच पोहणारे दोन हातांमागे दोनच लाथा मारतात. डोके न उचलता अंगाबरोबर कुशीला वळवतात. श्वास पाण्यातच सोडतात, तोंड बाहेर येते ते श्वास घेण्यापुरते. अनेकांना धाप लागते ती श्वास कोंडल्यामुळे.

हात पाण्यात गेल्यावर कोपर वर राहिले, तर पंजापासून कोपरापर्यंत सारे वल्हे होते. कोपर आधी खाली पडले, तर उरतो नुसता पंजा. 25 मीटरला किती हात लागतात ते मोजा. मात्र आकडा घटवण्याच्या नादात मध्येच थांबू नका. पडलेला वेग पुन्हा उचलायला जास्त ताकद लागते.

लांब अंतराला क्रॉल झेपणार नाही, असे जाणकारही एकेकाळी मानत. 1875 मध्ये मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी ब्रेस्टस्ट्रोकने पावणेबावीस तासांत ओलांडली. 1926 मध्ये गर्ट्रूड एडर्लीने क्रॉलने तीच खाडी साडेचौदा तासांत पार केली, पुरुषांच्या तोवरच्या विक्रमाहून सुमारे दोन तास आधी. पुण्याच्या रोहन मोरे यांनी 2018 मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या.

आपल्याकडे धरमतर ते गेटवे हे सुमारे 36 किलोमीटरचे अंतर शाळकरी मुलेही पोहली आहेत, पण सोबत होडी आणि भरती-ओहोटीचा हिशोब ठेवून. मोऱ्याच्या पाण्यात एकट्याने उतरू नका. तिथे लाटा लागल्या की तलावातला लांब हात चालत नाही. तो थोडा आखूड आणि जलद करावा लागतो.