रक्ताचा गुण कीं सरावाचें फळ?

शर्यत जिंकणाऱ्याचें नांव कळलें कीं लोक लागलीच त्याचें कुळ विचारूं लागतात. विजेता आपल्यांतला असला तर त्याच्या जिद्दीची वाखाणणी होते. परका असला तर 'तें त्याच्या रक्तांतच आहे' असें म्हणून विषय संपविला जातो. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय खेळाडूंचा इतिहास हें या वृत्तीचें ठळक उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील गोऱ्या समाजांत असा समज रूढ होता कीं, कृष्णवर्णीयांच्या अंगीं दम नाहीं आणि धैर्यहि नाहीं. १९०८ सालीं जॅक जॉन्सन यानें मुष्टियुद्धाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत जेसी ओवेन्स यानें चार सुवर्णपदकें जिंकलीं. जुना समज टाकणें भाग पडलें. परंतु त्याच्या जागीं नवा उभा राहिला. कृष्णवर्णीय मनुष्य रानटी अवस्थेला अधिक जवळचा, म्हणून धांवणें व उडी मारणें त्याला साधतें, असें डीन क्रॉमवेल या नामांकित प्रशिक्षकानें १९४१ सालीं आपल्या ग्रंथांत लिहिलें. हरला तर वंश हीन, आणि जिंकला तरी वंश हीनच!

कित्येकांनीं या यशाचें कारण पोटरींत व टांचेच्या हाडांत शोधलें. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांतील शरीररचनाशास्त्रज्ञ मॉन्टेग कॉब यांनीं ओवेन्सचे पाय प्रत्यक्ष मोजून पाहिले. कृष्णवर्णीयांची म्हणून जी पोटरी व टांच सांगितली जाई, तशी ती ओवेन्सची नव्हतीच. सर्व कृष्णवर्णीय विजेत्यांत समान असें एकहि शरीरलक्षण, कातडीचा रंगसुद्धां, आढळत नाहीं, असा निष्कर्ष कॉब यांनीं १९३६ सालीं प्रसिद्ध केला.

व्यक्तिव्यक्तींत उपजत भेद असतात, हें खरें. पण त्यावरून सबंध समाजाचें भविष्य मांडतां येत नाहीं. शिवाय उपजत गुणालाहि मशागत लागते. क्लीव्हलंड शहरांत शाळा सुटल्यावर ओवेन्सला काम करावें लागे. म्हणून चार्ल्स रायली हे शिक्षक शाळा भरण्यापूर्वीं त्याचा सराव करून घेत. 'रक्ताची देणगी' या दोन शब्दांनीं ते सारे श्रम पुसले जातात.

या स्तुतीची किंमतहि मोठी असते. ज्याचे पाय नैसर्गिक, त्याची बुद्धि उणी, असें गृहीत धरलें जातें. अमेरिकन फुटबॉलमध्यें क्वार्टरबॅक हा संघाची चाल चालविणारा खेळाडू. त्या जागेवर तयार झालेल्या कृष्णवर्णीय तरुणांना पुष्कळदां केवळ धांवण्याच्या जागीं हलविलें जाई. डग विल्यम्स यानें त्या जागेवरून सुपर बोलचा अंतिम सामना जिंकून दिला, तेव्हां १९८८ साल उजाडलें होतें.

महाराष्ट्रांत हाच भेद जातीच्या नांवानें झाला. पुण्याच्या युरोपियन क्लबांत खेळपट्टीची निगा राखणाऱ्या पाळवणकर बाळू यांनीं तेथील साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकून आपली डावखुरी गोलंदाजी घडविली. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. तथापि चर्मकार कुळांत जन्मलेल्या या पुरुषाला हिंदु संघाचें कर्णधारपद मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें.

कोणाच्या अंगीं काय आहे, हें मैदान मोकळें झाल्यावरच कळतें. तोंवर कुळावरून बांधलेला अंदाज हा त्या खेळाडूवर अन्यायच होय.