भांडायचे ते निर्णयाशी

पंतप्रधानांचा सर्वांत चुकीचा निर्णय कोणता, असा विषय आपल्या गोंदियात निघाला की थोड्याच वेळात निर्णय राहतो बाजूला आणि समोरचा ‘भक्त’ की ‘चमचा’ एवढ्यावर गाडी येते. घराघरांत अबोला धरण्यापर्यंत हे गेले आहे, म्हणून आज तुम्हाला इथल्याच एका जुन्या निवडणुकीकडे न्यायचे आहे.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. तो वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. 1952 ची इथली लोकसभा निवडणूक सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. निवडून आलेले चतुर्भुज जसानी विडी कंपनीचे भागीदार होते आणि कंपनीचा सरकारला विड्या पुरवण्याचा करार होता, हे त्यामागचे एक कारण. मे 1954 मध्ये पोटनिवडणूक लागली आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

नेहरूंच्या मंत्रिमंडळातून ते 1951 च्या सप्टेंबरात बाहेर पडले होते. त्या राजीनाम्याचे निवेदन प्रत्येकाने वाचावे. हिंदू कोड बिल का अडले, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष कसे झाले, हे त्यात आहे. परराष्ट्र धोरणावर तर त्यांनी आकडाच मांडला: 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर जातात, कारण अडीअडचणीला धावून येईल असा मित्र आपण राखला नाही. टीका जहाल आहे, पण तिला उत्तर देता येते. नेहरूंच्या समर्थकाला तिथे शिवी मिळत नाही, मुद्दा मिळतो.

भंडाऱ्यात जागा दोन, म्हणून मतदाराला मतेही दोन. एक बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे वाया घालवावे, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता. बाबासाहेबांनी तो साफ धुडकावला, असे त्या काळच्या आठवणी सांगतात. मते कुजवल्याची तक्रार घेऊन ते स्वतः मुंबईत लढवलेल्या आधीच्या निवडणुकीनंतर निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेले होते, हे लक्षात घेतले तर त्या नकाराचे मोल कळते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्या पराभवाचे मला आजही वाईट वाटते, पण त्यांनी दुसरे मत कुजवू दिले नाही याचा अभिमान त्याहून मोठा आहे.

आता माझे मत. नोटबंदीचा निर्णय चुकला. 8 नोव्हेंबर 2016 ला आपल्याकडे धान कापणीला आलेला, कुठे बांधीत पुंजणे लागलेले. मजुरी रोखीत, चुकारे यायचे बाकी. सहाच दिवसांत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि गावच्या शेतकऱ्याचे खाते नेमके तिथेच. काळा पैसा बुडेल असे सांगितले गेले होते. बाद झालेल्या 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी परत आले, हे रिझर्व्ह बँकेनेच 2018 मध्ये छापले. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये निर्णयाची प्रक्रिया चार विरुद्ध एक अशी वैध ठरवली, तेही सांगितले पाहिजे. पण कायद्यात बसलेला निर्णय शहाणपणाचा असतोच असे नाही.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी प्रश्नोत्तरांत जरूर उठावे. माझा पक्ष कोणता, जात कोणती हे विचारू नये. नोटबंदीने इथल्या धान उत्पादकाचे काय भले झाले, ते सांगावे. मी शेवटपर्यंत ऐकून घेईन.