इंजिने जपली, कामाची रीत कोण जपणार?



उद्या आपण चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जाणार आहोत. सारा जन्म रुळांवर गेला, आता सुटीच्या दिवशीही इंजिनेच पाहायची का, असे काही जणांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन गोष्टी आजच सांगून ठेवतो.

१९७७ साली हे संग्रहालय सुरू झाले. तेथे आपल्या बोरघाटाचे एक इंजिन उभे आहे. त्याचे नाव 'सर लेस्ली विल्सन'. नाव मुंबईच्या गव्हर्नराचे, पण रेल्वेच्या माणसांनी या जातीच्या इंजिनांना खेकडा म्हटले आणि तेच टिकले. जीआयपी रेल्वेने १९२०च्या दशकाच्या अखेरीस घाटासाठी आणलेले हे मालगाडीचे विजेचे इंजिन. अंग तीन तुकड्यांचे, मध्ये सांधे, त्यामुळे वळणावर ते वळते. विजेवर चालणारे, तरी चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. उतारावर त्याच्या मोटारी उलट वीज तयार करून तारेत परत पाठवीत आणि त्यानेच गाडी आवरली जाई. स्वित्झर्लंडमध्ये याच्या भावंडांना मगर म्हणतात. घरात टेबलावर छोटी रेल्वे मांडणारे हौशी लोक जगभर आहेत, त्यांचा या इंजिनांवर फार जीव.

हे हौशी लोक रंग आणि रिव्हेट तर मोजतातच, पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो: हे चालवीत कसे? त्याचे उत्तर संग्रहालयातल्या पाटीवर मावत नाही. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. कर्जतला मागून बँकर लागतात. पुढचा ड्रायव्हर आणि मागचे ड्रायव्हर यांचा जोर एका वेळी पडला पाहिजे, नाहीतर कपलिंगवर बेतते. उतरताना त्याहून कठीण. तेथे कॅच सायडिंगचा काटा मुख्य मार्गाकडे नव्हे, सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण उभी करायची, ती ताब्यात आहे हे दाखवायचे, मगच पुढचा मार्ग मिळतो. सुटलेली गाडी चढाच्या सायडिंगमध्ये जाऊन थांबावी, यासाठी ही योजना. टेबलावरच्या रेल्वेत काटा कसाही लावा, कोणाचा जीव जात नाही.

आणखीही गमती आहेत. पतियाळा संस्थानची एका रुळावरची गाडी आहे. तोल सांभाळायला तिचे एक मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून चालते. सिंद्रीच्या खत कारखान्यातले बिनआगीचे इंजिन आहे. कारखान्याच्या बॉयलरची वाफ टाकीत भरून घ्यायची आणि ती संपेपर्यंत शंटिंग करायचे. अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली बनलेले इंजिन मात्र चुकवू नका. भारतात पुरे बांधलेले ते पहिले. ते ज्यांनी बांधले त्या फिटर-लोहारांची नावे आम्हांला कोठे वाचायला मिळाली नाहीत.

टपालातल्या मंडळींनी हे आपले नव्हे असे समजू नये. १८६३ मध्ये अलाहाबाद-कानपूर गाडीत टपालाची निवड सुरू झाली आणि पुढे तिची आरएमएस झाली. हलत्या डब्यात उभे राहून, कोणते गाव कोणत्या सेक्शनला हे तोंडपाठ ठेवून, पुढचे स्टेशन येण्याआधी थैली बांधायची. डबा जपता येईल, पण ते पाठांतर कोणत्या काचेच्या कपाटात ठेवणार?

चळवळीच्या इतिहासात १९७४चा संप येतो, वेतन आयोग येतात, पण काम क्वचितच येते. एखादे पद कमी करायचे ठरले की वरून सांगितले जाते, हे काम कोणीही करील. त्यावेळी घोषणा पुरत नाहीत. त्या कामात काय काय सांभाळावे लागते, किती वर्षांनी हात बसतो, चूक झाली तर काय होते, हे तारीखवार लिहिलेले टेबलावर ठेवावे लागते. परदेशातली हौशी मंडळी निवृत्त कामगारांना गाठून हे लिहून घेतात. आपली माणसे तर आपल्याच शेजारी बसली आहेत.

तेव्हा उद्या ज्यांनी कर्जत, लोणावळा किंवा इगतपुरीला काम केले आहे, त्यांनी खेकड्यापाशी थांबावे आणि बोलावे. आरएमएसच्या काका-मावशींसाठी बसायला सावलीतली जागा पाहू. आम्ही दोघे-तिघे लिहून घेऊ आणि वाचून दाखवून सही घेऊ. वह्या आम्ही आणतो. जुने वर्किंग टाइमटेबल किंवा सेक्शनची यादी घरात असेल तर तीही बरोबर आणा. पाहून परत देऊ.