माहेर राखायला दिलेली लेक
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. जर्मनीतल्या राजघराण्यांवर मी बोलणार म्हटल्यावर घरी सगळे हसले. पण लग्न, सासर आणि माहेर यांतले मला थोडेफार कळते, आणि गोष्ट त्याचीच आहे.

त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हता. लहानमोठी शेकडो संस्थाने होती. बलाढ्य शेजाऱ्याला मुलगी दिली की राज्य निर्धास्त, असा राजांचा हिशेब असे. ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलेटिनेट संस्थानात, हायडेलबर्ग येथे, १६५२ साली एलिझाबेथ शार्लट जन्मली. घरचे नाव लिझेलोट. आईबापांचे पटेना. आई हयात असताना बापाने दुसरा घरोबा केला आणि पोरीला सातव्या वर्षी हॅनोव्हरला आत्याकडे धाडले. सोफी आत्याने लावलेली माया तिला जन्मभर पुरली.

१६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात संस्थान उजाड झाले होते, आणि शेजारी फ्रान्सची धास्ती. पॅरिसमधल्या विधवा चुलतीने स्थळ काढले ते थेट फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा भाऊ फिलिप याचे. बिजवर, बारा वर्षांनी मोठा. १६७१ साली लग्न झाले. त्यासाठी तिला प्रॉटेस्टंट धर्म सोडून कॅथलिक व्हावे लागले; आणि हे तिने आपल्या मनाने केले, असे बापाने जगाला भासवले! एकोणीस वर्षांच्या मुलीला कोण विचारतो?

नवऱ्याचे मन त्याच्या मर्जीतल्या मित्रांत. तीन मुले झाली, पहिला मुलगा तीन वर्षांचा व्हायच्या आत गेला. तरी बाई रडूबाई नव्हती. पुढे १६९२ साली मुलाने राजाच्या अनौरस मुलीशी लग्नाला होकार दिला, तेव्हा तिने भर दरबारात त्याच्या थोबाडीत मारली, असे एका सरदाराने लिहून ठेवले आहे.

पण खरे दुःख निराळेच. १६८५ साली तिचा भाऊ निपुत्रिक वारला. लगेच लुई राजा म्हणाला, आमच्या भावजयीचा माहेरच्या मालमत्तेवर हक्क आहे. तिने काही मागितले नव्हते. १६८८ साली फ्रेंच फौजा शिरल्या. १६८९ मध्ये मॅनहाइम जमीनदोस्त झाले, हायडेलबर्ग जाळले गेले, १६९३ मध्ये पुन्हा. ज्या सोयरिकीने माहेर वाचायचे, तिचेच निमित्त करून ते जाळले. तिने आत्याला कळवले की डोळा लागला की आपण हायडेलबर्गला नाहीतर मॅनहाइमला आहोत असे वाटते, सगळी पडझड दिसते आणि दचकून जाग येते. हे आपल्या नावावर चालले आहे, याचा सल तिला सर्वांत मोठा होता. आणि जाळणाऱ्याच्याच पंक्तीला रोज बसायचे! मला तर घास गिळवला नसता.

माहेरी पत्रे मात्र तिने सोडली नाहीत. टपालात ती फोडून वाचली जातात हे ठाऊक असूनही मनातले सगळे लिही. हायडेलबर्ग तिने पुन्हा पाहिले नाही. १७२२ साली ती वारली. त्याआधी पाचेक वर्षे, पासष्टीत, तिने एका पत्रात आठवण काढली आहे: पहाटे पाचला डोंगरावर जाऊन भाकरीच्या तुकड्याबरोबर चेरी खायची, तेव्हा मी आतापेक्षा आनंदी होते.