वरच्या मजल्यावरचे वर्ग आणि हलका गिलावा

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी १९८६च्या दहावीच्या तुकडीचा. गेली तीस-बत्तीस वर्षे बांधकामात आहे, थोडी नागपुरात, थोडी पुण्यात आणि उरलेली उन्हात. भाषणे करायची सवय नाही. संयोजकांनी फोन करून सांगितले, "आठवणी सगळेच सांगतील, तू त्या प्लास्टरचं बोल." त्यामुळे मी प्लास्टरचेच बोलणार आहे. जेवणाची वेळ मला ठाऊक आहे.

विषय तुम्हाला पत्राने कळलेला आहे. नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरचे सहा वर्ग तापतात. आपल्या वेळी ही इमारत नव्हती. आपण कौलाखाली, दीड फुटी भिंतींच्या वर्गांत शिकलो आणि अकोल्याचा उन्हाळा म्हणजे शाळेबाहेरची गोष्ट असे समजून मोठे झालो. आताच्या मुलांच्या डोक्यावर उघडा स्लॅब आहे. मार्च महिन्यात याच खोल्यांत दहावीचे पेपर होतात, अकरा ते दोन. एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, पण जूनअखेर शाळा उघडते तेव्हा पाऊस आलेला असतोच असे नाही. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून या खोल्यांना आतून उष्णतारोधक हलके प्लास्टर करावे, असा प्रस्ताव आहे. त्यासोबत एका विक्रेत्याचे पत्रक जोडले आहे आणि त्यात लिहिले आहे, "खोली १० अंशांनी थंड." तुमच्यापैकी अनेकांनी पैसे दिलेत, काही देणार आहेत. म्हणून या वस्तूत काय आहे आणि काय नाही, ते सांगतो.

आधी वस्तू. साध्या गिलाव्यात वाळू आणि सिमेंट असते. हलक्या गिलाव्यात वाळूच्या जागी बहुतेक वेळा फुगवलेले खनिज असते. त्यात पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. तिच्या आत थोडे पाणी अडकलेले असते. ती भट्टीत ८५० ते ९०० अंशांपर्यंत झटकन तापवली की काच मऊ होते, पाण्याची वाफ होते आणि दाणा फुगतो, मूळच्या चार ते वीस पट. ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, अगदी तसेच. दुसरे वर्मिक्युलाइट. ते अभ्रकासारखे पापुद्र्यांचे असते आणि तापल्यावर पेटीच्या भात्यासारखे उघडते. हे आपल्याकडे आंध्र, तमिळनाडूत सापडते. काही जण थर्माकोलचे दाणे घालतात. तिन्हींत काम करते ती आत कोंडलेली हवा. स्थिर हवा उष्णतेला वाट देत नाही, हे आठवीत सरांनी शिकवले आहे. त्या दिवशी जे गैरहजर होते त्यांनी गोधडी आठवावी.

ही कल्पना परदेशातून आली असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका. आपली सहल वेरूळला गेली होती. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे मिसळलेले आहेत, असे २०१६मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या गिलाव्यातही भाताचे तूस आणि गवताचे तंतू आहेत. तूस, ताग, पेंढा घातला की गिलावा तडकत नाही, हलका होतो आणि थोडी हवाही धरून ठेवतो. आपल्या विदर्भातली जुनी धाब्याची घरे, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, शेणामातीचे सारवण हे सगळे त्याच घराण्यातले. फरक एवढाच, की त्या भिंती दोन-दोन फूट होत्या आणि आपण आता दोन सेंटीमीटरची गोष्ट करतो आहोत.

आणि खरी मेख तिथेच आहे.

उष्णता किती अडेल हे दोन गोष्टींवर ठरते: माल कोणता आणि थर किती जाड. साध्या सिमेंट-वाळूच्या गिलाव्याची उष्णतावाहकता साधारण ०.७ धरतात. चांगल्या हलक्या गिलाव्याची ०.१ ते ०.२. म्हणजे चार ते सात पट चांगला. पत्रक इथेच थांबते. पण छताखाली तो लावणार किती? दोन सेंटीमीटर. फार तर तीन. त्यापुढे छताला चिकटवून ठेवणे हा वेगळाच खटाटोप होतो.

मी आपल्या खोलीचा साधा हिशेब केला. खोली २० बाय २५ फूट, स्लॅब १२ सेंटीमीटर, वरचा कोबा धरलेला नाही. भर उन्हात स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांवर जातो, खोलीत ३८ धरू. या फरकाने छतातून खोलीत सुमारे चार हजार वॅट उष्णता उतरते. वॅट म्हटल्यावर चेहरे पडतात, म्हणून असे समजा: मुलांच्या डोक्यावर हजार-हजार वॅटच्या चार इस्त्र्या सुरू करून उलट्या टांगल्या आहेत. छताला आतून दोन सेंटीमीटर हलका गिलावा केला तर चारच्या पावणेतीन-तीन होतात. फरक पडतो, नाही असे नाही. पण तीन इस्त्र्यांखाली बसून बीजगणिताचा पेपर सोडवायचा आहे.

आता त्याच स्लॅबवर, वरच्या बाजूने, पाच सेंटीमीटर जाडीचे टणक फोमचे तक्ते अंथरले आणि त्यावर कोबा केला तर एक इस्त्रीसुद्धा उरत नाही. आणि फक्त पांढरा रंग? पृष्ठभाग ६०वरून ४५ अंशांच्या आसपास आला, तर चारची जेमतेम सव्वा इस्त्री होते. म्हणजे चुन्याच्या चार बादल्या हलक्या गिलाव्याला मागे टाकतात. मात्र चुना पावसात धुपतो, धुळीने मळतो, दर वर्षी मार्चच्या आधी पुन्हा द्यावा लागतो. हा हिशेब ढोबळ आहे. स्लॅबला तापायला वेळ लागतो, वारा असतो, पंखे असतात. पण क्रम बदलत नाही. ऊन जिथे पडते तिथेच त्याला अडवावे. एकदा स्लॅबच्या पोटात उतरू दिले की ते दुपारभर आणि रात्रीही खाली झिरपत राहते.

मग ते "१० अंश" आले कुठून? बहुधा पृष्ठभागाच्या तापमानावरून. छताच्या खालच्या बाजूला तापमापक बंदूक रोखली तर गिलाव्याआधी आणि नंतर आकड्यात चांगला फरक दिसू शकतो. तो खोटा नाही. पण छताच्या कातडीचे तापमान वेगळे आणि बाकावर बसलेल्या पोराभोवतीच्या हवेचे वेगळे. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत. हे अंश कशाचे? आणि किती जाडीच्या थराचे? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक चहा येतो.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, हा माणूस प्लास्टरच्या विरोधात आहे. मुळीच नाही. त्याची जागा दुसरी आहे, एवढेच.

पहिली जागा, पश्चिमेची भिंत. नऊ इंची विटांची, संध्याकाळपर्यंत उन्हात उभी. तिला बाहेरून दोन सेंटीमीटर हलका गिलावा केला तर आत येणारी उष्णता साधारण पाव हिश्श्याने घटते. भिंतीवर कोबा करता येत नाही, तक्ते लावले तर पोरे उचकटतील, तिथे गिलावाच बरा. (त्याच भिंतीच्या खिडक्यांवर हातभर छज्जा नाही, हे जाता जाता सांगतो. उघड्या काचेतून येणारे ऊन भिंतीपेक्षा जास्त छळते. ते काम स्वस्तात होईल.)

दुसरी जागा मला जास्त जिव्हाळ्याची आहे: जुनी इमारत, विशेषतः ग्रंथालयाची खोली. ती चुन्यात बांधलेली आहे. मागे केव्हातरी तिला आतून सिमेंटचा गिलावा झाला आणि तेव्हापासून भिंतीला फोड येतात, पापुद्रे सुटतात, पुस्तकांना बुरशी लागते. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्या तोंडावर सिमेंट बसले की ओल आत कोंडते. तिथे तो थर खरवडून चुना आणि पर्लाइटचा गिलावा करावा. भिंत मोकळी होईल आणि वजनही वाचेल. १०० चौरस मीटर भिंतीवर दोन सेंटीमीटरचा साधा गिलावा जवळजवळ चार टन भरतो, हलका सव्वा टनात आटोपतो. जुन्या पायाला तेवढे ओझे कमी.

कोणी काम घ्यायचे ठरवले तर मिस्त्रीकडे लक्ष ठेवा. आपला गवंडी पोत्यातला माल हातात घेतो, हलका लागतो, आणि त्याचा विश्वासच बसत नाही. "साहेब, यात दम नाही," म्हणून चार घमेली वाळू टाकतो, आणि ज्यासाठी पैसे दिले तेच निघून जाते. मिक्सरमध्ये फार वेळ घुसळले तर दाणे चुरडतात, लाह्यांचे पीठ होते, हवा पळते. मिक्सर थोडाच वेळ फिरवावा. जुनी भिंत गुळगुळीत असेल तर छिन्नीने खडबडीत करून, पाणी मारून मगच थर द्यावा. एका वेळी जाड थर थापू नये. जिप्समचा माल बाहेरच्या भिंतीला चालत नाही, पावसात विरघळतो. सिमेंटचा असेल तर इतर सिमेंटकामासारखे पाणी मारायलाच हवे, चुन्याचा असेल तर घाई करू नये. आणि बाहेरच्या गिलाव्यावर पाणी रोखणारा रंग पाहिजेच. पाणी उष्णतेला हवेच्या चोवीस-पंचवीस पट वाट देते. गोधडी भिजली की ती गोधडी राहत नाही.

एक दोष झाकत नाही. हा गिलावा मऊ असतो. शाळेच्या भिंतीला कंपासचे टोक, बाकाचा कोपरा, चेंडू आणि दप्तर या चार शत्रूंना रोज तोंड द्यावे लागते. म्हणून जमिनीपासून चार फूट साधा कडक गिलावा किंवा शहाबादी फरशी, वरती हलका. फळा टांगायच्या जागीही कडकच. खिळा ठोकला तर धरणार नाही, हे शिपाईकाकांना आधीच सांगून ठेवावे.

तर माझी सूचना अशी. जमलेल्या पैशातून आधी सहा खोल्यांच्या गच्चीवर फोमचे तक्ते, त्यावर कोबा आणि पांढऱ्या तुकडे-फरशीचा थर. गळतीचे कामही त्यातच होईल. उरेल त्यातून पश्चिमेची भिंत आणि छज्जे. ग्रंथालय पुढच्या वर्षी, पण पावसाळ्यानंतर, भिंत वाळल्यावर. आतल्या छताच्या गिलाव्याचा प्रस्ताव मात्र मागे घ्यावा. पैसे पुरले नाहीत तर यंदा फक्त चुना द्या. शनिवारी सकाळी वीस जण आले तर दोन तासांत होईल, माझे नाव लिहून घ्या.

आणि माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन साधे तापमापक मी आणले आहेत, विज्ञानाच्या बाईंकडे दिले आहेत. एक वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात, एक खालच्या मजल्यावर त्याच दिशेच्या वर्गात, बाकाच्या उंचीवर, भिंतीपासून दूर. नववीच्या मुलांनी रोज अकरा, दोन आणि चार वाजता वाचायचे आणि वहीत लिहायचे. या मार्चपासून काम होईपर्यंत आणि पुढच्या मार्चला पुन्हा. पुढच्या मेळाव्यात भाषण मी करणार नाही, त्या मुलांपैकी कोणीतरी वही वाचून दाखवील.

जेवणानंतर ज्यांना गुडघे साथ देतात त्यांनी माझ्याबरोबर गच्चीवर यावे. पायात चप्पल ठेवा.