परिसराचें शिक्षण



या महोत्सवाच्या दिवशीं आम्ही दोन शब्द आपल्या लहान मुलांच्या शिक्षणाविषयीं बोलूं इच्छितों. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं अतिवृष्टीनें अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचें पाणी नागपुरांतील कित्येक घरांत शिरलें. जिच्यावरून या शहरास नांव मिळालें, त्या नदीस आपलीं पुष्कळ मुलें नाला म्हणूनच ओळखतात! 'परिसर अभ्यास' हा विषय प्राथमिक शाळेंत आहे. परंतु पाणी कोठून येतें व केर कोठें जातो, हें पुस्तक पाठ करून उमजत नाहीं. मुलानें हातानें काम करीत शिकावें, हा विचार गांधीजींनीं १९३७ सालीं येथून जवळच वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेंत मांडला होता. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, प्रत्येक शाळेनें पावसाळ्यांत मुलांकडून रोजचा पाऊस मोजवावा, पालापाचोळ्याचें खत करवावें व वर्षांतून एकदां त्यांस नदीकांठीं न्यावें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकांत पृथ्वीस सर्वांचें सामायिक घर म्हटलें. घर राखण्याची संवय लहानपणींच लागते. ती लावण्याचें काम जसें शाळेचें, तसेंच आपणां आईबापांचेंहि आहे.